पटावरचे जुग : वऱ्हाडातील दांपत्याच्या खेळाचा इतिहास

सोंगट्यांच्या खेळात एकाच पक्षाच्या दोन सोंगट्या पटावरील एकाच घरात येऊन बसल्या म्हणजे त्या जोडीला जुग म्हणतात, आणि ते जुग टिकून असेपर्यंत प्रतिपक्षाच्या एकट्या सोंगटीला त्याला मारता येत नाही. जुग हा शब्द संस्कृत 'युग' या शब्दापासून आला असून बैलांच्या मानेवरचे जूही त्याच कुळातले आहे. दोघांनी एकत्र चालणे, एकाच ओझ्याखाली चालणे आणि त्या एकत्रपणामुळे सुरक्षित राहणे, हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात मावतात. नवराबायकोने मिळून खेळायचा खेळ कसा निवडावा, हा प्रश्न आज ऑनलाइन बहुखेळाडू भूमिका-खेळांच्या संदर्भात विचारला जातो. ज्या खेळात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र धारण करतो, त्या पात्राचे बळ, कसब आणि सामग्री हळूहळू वाढवत नेतो आणि इंटरनेटने जोडलेल्या हजारो खेळाडूंसह एकाच कल्पित जगात वावरतो, तो हा खेळ. त्याचे साधन नवे असले तरी प्रश्न जुना आहे, आणि ज्या विदर्भभूमीत दमयंतीची कथा घडली असे परंपरा मानते, तिथे तर तो फारच जुना आहे. त्या इतिहासात उत्तराचे निकषही सापडतात, म्हणून तो आधी पाहणे योग्य ठरेल.

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिमेकडे आहे. औरंगजेबाच्या काळात, सतराव्या शतकाच्या अखेरीस, आसदखान या वजिराच्या नावाने उभा राहिलेला आसदगड किल्ला, दहीहांडा वेस आणि अगर वेस यांसारखी वेशींची नावे आणि ग्रामदैवत राजराजेश्वराचे मंदिर, यांच्याभोवती ही वस्ती वाढली. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, कापसाचा बाजार फोफावला आणि नवे अकोला नदीच्या दुसऱ्या तीराकडे पसरले; जुन्या शहराच्या वाट्याला मात्र गल्ल्या, वाडे, धाब्याची घरे आणि आख्यायिका राहिल्या. त्यांपैकी राजराजेश्वराची आख्यायिका प्रस्तुत विषयाच्या थेट मुळाशी जाते. ज्याच्या नावावरून गावाला अकोला हे नाव पडले असे सांगतात त्या अकोलसिंह राजाची राणी रोज मध्यरात्री एकटीच महादेवाच्या पूजेला जात असे. राजाला संशय आला आणि तो एका रात्री उपसलेली तलवार घेऊन तिच्या मागे गेला. राणीने देवाचा धावा केला, पिंड दुभंगली, राणी आत शिरली आणि पिंड पुन्हा मिटली. तिच्या वस्त्राचा पदर तेवढा बाहेर राहिला. या कथेला ऐतिहासिक पुरावा नाही आणि तो मागण्याचेही कारण नाही. तिच्यातला संघर्ष मात्र नीट ओळखण्याजोगा आहे. दोघांपैकी एकजण रात्रीच्या वेळी अशा एका जगात जातो की जिथे दुसऱ्याला प्रवेश नाही, आणि त्या जगात काय चालते हे न कळल्याने घरात राहिलेल्याच्या मनात संशय वाढत जातो. ज्या घरात एकटा नवरा किंवा एकटी बायको मध्यरात्रीपर्यंत पडद्यासमोर बसलेली असते, त्या घराची कहाणी याहून फार वेगळी नसते.

दांपत्य आणि खेळ यांच्या संबंधाची सर्वांत जुनी आणि सर्वांत सविस्तर मीमांसा महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात आहे. दमयंतीचा पिता विदर्भराज भीम याची राजधानी कुंडिनपूर ही अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर होय, असे परंपरा मानते. दमयंतीचा पती नळ आपला भाऊ पुष्कर याच्याशी फासे खेळू लागला आणि तो डाव कित्येक महिने चालला. त्या काळचे अक्ष म्हणजे आजचे चौकोनी फासे नव्हेत. ती बेहड्याची वाळलेली फळे असत, आणि ती पसरून झटकन मोजण्याच्या कौशल्यावर खेळाचा निकाल लागे. दमयंतीने त्याला थांबवण्याचा प्रयत्न केला, प्रजाजन आणि मंत्री दाराशी आल्याचे वारंवार कळवले, आणि नळ ऐकत नाही हे पाहून वार्ष्णेय सारथ्याबरोबर दोन्ही मुलांना कुंडिनपुरास पाठवून दिले. राज्य हरल्यावर पुष्कराने दमयंतीलाच पणाला लावण्याची सूचना केली, तेव्हा मात्र नळ उठला आणि तिच्यासह वनात गेला. पुढे ऋतुपर्ण राजाकडून त्याने अक्षहृदय, म्हणजे फाशांच्या गणनेचे गुह्य, शिकून घेतले आणि राज्य परत जिंकले. पण त्या शेवटच्या डावात त्याने सर्व धनाबरोबर दमयंतीलाही पणाला लावले, ही गोष्ट कथा सांगणारे बहुधा गाळतात. ती गाळू नये. नळ खेळात निष्णात झाला, तरी दमयंती त्या पटावर कधीच खेळाडू म्हणून बसली नाही. ती आधी प्रेक्षक होती आणि नंतर पण झाली. एकजण खेळतो आणि दुसरा त्याचे परिणाम भोगतो, हे या आख्यानातील दुःखाचे मूळ आहे.

याच्या नेमके उलट चित्र वेरूळच्या लेण्यांत कोरलेले आहे. क्रमांक १४, २१ आणि २९ या लेण्यांत शिव आणि पार्वती समोरासमोर बसून सारीफासे खेळताना दिसतात. येथे दोघेही खेळाडू आहेत, दोघांचेही हात पटावर आहेत, आणि पुराणकथांनुसार बहुतेक वेळा जिंकते ती पार्वती. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला शंकर पार्वतीकडून द्यूतात हरला, म्हणून त्या तिथीला द्यूतप्रतिपदा असेही नाव मिळाले आणि त्या सकाळी फासे खेळावेत, जो जिंकेल त्याला वर्ष सुखाचे जाईल, असे धर्मशास्त्रीय निबंधग्रंथांत सांगितले गेले. हीच तिथी महाराष्ट्रात दिवाळीचा पाडवा म्हणून साजरी होते. पत्नी पतीला ओवाळते आणि पती ओवाळणी घालतो. पतिपत्नींचा सण आणि फाशांचा सण एकाच दिवशी यावेत, हा योगायोग मानणे कठीण आहे. ओवाळणी टिकली आणि पट मात्र बाजूला पडला, हा फरक खेदाचा आहे, कारण ओवाळणीत देणारा आणि घेणारा ठरलेले असतात, तर पटावर दोघेही एकाच पातळीवर बसतात. कोजागिरीच्या रात्रीही जागरणासाठी अक्षक्रीडा सांगितलेली आहे. आज त्या रात्रीचे आटीव दूध उरले आहे.

एकट्याच्या खेळाचा आणखी एक दाखला वऱ्हाडातच सिद्ध झालेल्या ग्रंथात मिळतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे क्षेत्र असून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे लीळाचरित्राची रचना केली. पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याच्या कथेत गुजरातेतील प्रधानपुत्र हरिपाळदेव द्यूतात मोठी रक्कम हरतो, ती फेडण्यासाठी पत्नीकडे दागिने मागतो आणि ती ते देण्यास नकार देते. त्या नकारानंतर त्याचे मन संसारातून उठते आणि पुढचा सारा इतिहास घडतो. पंथाच्या दृष्टीने हा विरक्तीचा प्रसंग आहे. गृहस्थाश्रमाच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात त्या पत्नीची बाजूही तितकीच न्याय्य दिसते, कारण ज्या डावात तिला बसवले गेले नव्हते त्या डावाचे देणे तिच्या अंगावरच्या सोन्यातून मागितले जात होते.

सारीपाटाचे प्रत्यक्ष नियम आणि रचना मोगलकाळात नीट नोंदल्या गेल्या. वऱ्हाड १५९६ मध्ये अकबराकडे आले आणि त्याचा इतिहासकार अबुल फझल याने ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना नरनाळा सरकारचे महाल आणि बाळापूरजवळ शाहजादा मुराद याने वसवलेले शाहपूर यांची माहिती दिली. त्याच ग्रंथात चौपट, म्हणजे सारीपाट, या खेळाचेही प्रकरण आहे. पटाला फुलीसारख्या चार भुजा, प्रत्येक भुजेवर आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण ९६ घरे; चार रंगांच्या १६ सोंगट्या; आणि एक, दोन, पाच व सहा ठिपक्यांचे चार बाजूंचे लांबट तीन फासे. चार माणसे बसली तर दोघे दोघांविरुद्ध खेळत, आणि भिडू समोरासमोर बसत. गरीब घरांत फाशांऐवजी कवड्या टाकल्या जात आणि त्या प्रकाराला पचिशी म्हणत. कापडाचा पट गुंडाळून कोनाड्यात ठेवता येई, आणि तोही नसेल तर शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने वा कोळशाने चार भुजा ओढल्या की काम भागे.

अकबराने याच खेळाचा चंदल मंडल नावाचा मोठा अवतार काढला होता. त्यात मध्यबिंदूभोवती १६ भुजा, ६४ सोंगट्या आणि १६ खेळाडू असत. एका वेळी दोनशेहून अधिक माणसे खेळात गुंतलेली असत, सोळा डाव पुरे झाल्याशिवाय कोणालाही घरी जाता येत नसे आणि काही वेळा ही बैठक तीन महिने चाले, असे अबुल फझल सांगतो. माणसाचे गुण जोखणे आणि परस्परांत सद्भाव वाढवणे हा बादशहाचा हेतू होता, असेही तो म्हणतो. शेकडो माणसे, एकमेकांत गुंतलेले डाव, महिनोन्महिने न संपणारा खेळ आणि घरी जाण्याची मनाई, ही लक्षणे आजच्या बहुखेळाडू खेळांना तंतोतंत लागू पडतात. आणि त्या तीन महिन्यांत त्या खेळाडूंच्या घरी काय चालले होते याची नोंद बादशाही इतिहासकाराला आवश्यक वाटली नाही.

घरगुती सारीपाटाचे मोल वेगळ्या ठिकाणी होते. त्यात दान, म्हणजे फाशांनी दिलेली संख्या, नशिबाने पडते. पण कोणती सोंगटी हलवायची हे बुद्धीने ठरते. त्यामुळे निष्णात आणि नवखा एका पटावर बसू शकतात आणि नवख्यालाही पौबारा पडण्याची आशा राहते. बुद्धिबळात तशी सोय नाही. तेथे कमी जाणणारा सतत हरतो आणि काही दिवसांनी खेळायलाच येत नाही. शिवाय भिडू म्हणून समोरासमोर बसलेल्या दोघांना एकमेकांची चाल न बोलता ओळखावी लागते, आपली सोंगटी पुढे काढण्याचा मोह आवरून भिडूची सोंगटी वाचवावी लागते. चांगला खेळाडू जुग फोडत नाही, कारण फुटलेल्या जुगाची एक सोंगटी हमखास मरते. संसाराचे शिक्षण देण्याचा आव न आणता हा खेळ ते देत असे.

विवाहविधींतील खेळांचे प्रयोजन याहून मर्यादित होते. सुपारी सोडवणे, हळदीच्या पाण्यातून अंगठी शोधणे, दातांत धरलेला विडा तोडणे, एकमेकांच्या हातांचे कंकण एका हाताने सोडवणे, हे खेळ महाराष्ट्रभर चालत आणि वऱ्हाडातही चालतात. मारवाडी घरांत अंगठीचाच खेळ दुधाच्या पाण्यात जुवाजुवी म्हणून खेळला जातो. वधूवर अजाण वयाचे असत त्या काळात परक्या माणसाच्या हाताला पहिल्यांदा हात लावण्याचे हे संमत निमित्त होते, आणि ते काम या खेळांनी उत्तम केले. परंतु त्यांची घडण स्पर्धेची आहे. नवरीची मूठ नवऱ्याला सुटली की करवल्या आणि करवले आपापल्या बाजूने ओरडतात आणि पुढे घरात कोणाचे चालणार याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. ओळख करून देणारा खेळ आणि वर्षानुवर्षे खेळण्याचा खेळ यांत भेद आहे. पहिला क्षणाचा असतो आणि त्यात एकमेकांविरुद्ध असणे गमतीचे ठरते, दुसऱ्यात तेच पुढे बोचू लागते.

एकत्र पटाची प्रथा विसाव्या शतकात विरळ झाली. पत्त्यांचे डाव आले, नंतर रेडिओ, चित्रपटगृह आणि दूरचित्रवाणी आली. एकत्र पाहणे वाढले आणि एकत्र खेळणे मुलांकडे गेले. याच काळात दूरदेशी एका वेगळ्या परंपरेने आकार घेतला. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला, ज्यात खेळाडू टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेत आणि एकमेकांविरुद्ध न लढता एका चमूने संकटांना तोंड देत. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचे केवळ शब्दांनी रचलेले जग संगणकावर उभे केले, ज्यात अनेकजण एकाच वेळी शिरू शकत. १९९७ चे 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ चे 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ चे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ही त्याच मार्गावरची पुढची ठिकाणे. शेवटच्या खेळाचे वर्गणीदार २०१० मध्ये एक कोटी वीस लाखांवर गेले होते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले, त्यानंतर सायबर कॅफे आले, आणि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटामुळे ही जगे जुन्या शहरासारख्या वस्त्यांतील माडीवरच्या खोलीपर्यंत पोहोचली.

या खेळांचा दांपत्यजीवनावर होणारा परिणाम संशोधकांनी तपासला आहे. निक यी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत स्त्री खेळाडूंपैकी सुमारे ६० टक्के आणि पुरुष खेळाडूंपैकी सुमारे १६ टक्के आपल्या जोडीदाराबरोबर खेळत असल्याचे आढळले. आकड्यांतील ही तफावत बोलकी आहे: स्त्रियांपैकी बहुसंख्य या जगात जोडीदाराच्या सोबतीने वावरत होत्या, पुरुषांपैकी बहुसंख्य तसे वावरत नव्हते. २०१२ मध्ये अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ३४९ दांपत्यांचा अभ्यास केला. दोघेही खेळत असलेल्या दांपत्यांपैकी ७६ टक्क्यांनी खेळाचा आपल्या संबंधांवर चांगला परिणाम झाल्याचे सांगितले. एकच जण खेळत असलेल्या घरांत मात्र न खेळणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के जोडीदारांना, खेळातील मंडळींसाठी घेतले जाणारे कष्ट संसारासाठी घेतले जावेत असे वाटत होते. खेळामुळे होणारे वाद आणि झोपेच्या वेळांची मोडलेली घडी ही असमाधानाची कारणे ठरली. दमयंती, हरिपाळाची पत्नी आणि अकोलसिंह या तिघांची तक्रार संशोधनाच्या भाषेत पुन्हा मांडली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता निवडीचा प्रश्न. दोघांसाठी खेळ निवडताना चित्रांचे सौंदर्य किंवा खेळाची कीर्ती आधी पाहिली जाते. वर पाहिलेल्या इतिहासावरून पहिला निकष दुसराच असायला हवा. तो खेळ दोघांना एका बाजूला बसवतो का, आणि जुग बांधल्याचा काही लाभ देतो का, हे प्रथम पाहावे. या कसोटीवर सर्वांत ठळक उदाहरण 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या २०१३ पासून चालू असलेल्या खेळाचे आहे. त्यात २०२१ मध्ये 'ग्रुप आयर्नमॅन' हा प्रकार आला. दोन ते पाच जणांचा गट बांधायचा, गटाबाहेर कोणाशीही देवाणघेवाण करायची नाही, आणि लागणारी प्रत्येक वस्तू गटातल्यांनीच मिळवून सामाईक कोठारात ठेवायची, असा त्याचा नियम आहे. दोघांचाच गट केला तर एकाने मासे धरावेत, दुसऱ्याने लोखंड वितळवावे आणि दोघांनी मिळून घर उभे करावे, अशी त्याची रीत होते. शेतीवर जगलेल्या वऱ्हाडी माणसाला या श्रमविभागणीची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. हा खेळ मोबाइलवर आणि संगणकावर एकाच खात्याने चालतो, ही त्याची आणखी एक सोय.

दुसरा निकष विषमतेचा आहे. दोघांना मिळणारा वेळ सारखा नसतो. स्वयंपाक, मुले आणि वडीलधाऱ्यांची शुश्रूषा यांचा भार बहुतेक घरांत आजही बायकोवर अधिक पडतो, त्यामुळे तिचे पात्र मागे राहते आणि महिन्याभरात दोघांना एकत्र खेळणे अशक्य होते. सारीपाटात ही दरी फासे भरून काढत. नव्या खेळांत ते काम पातळी जुळवण्याच्या योजनेने होते. पातळी, म्हणजेच लेव्हल, हे पात्राच्या बळाचे माप. २०१२ च्या 'गिल्ड वॉर्स २' मध्ये पुढे गेलेला खेळाडू मागच्या प्रदेशात आला की त्याचे बळ त्या प्रदेशाच्या पातळीपर्यंत आपोआप खाली येते, आणि 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' मध्ये ऑक्टोबर २०१६ पासून सारे प्रदेश सर्वांना सारखेच कठीण करण्यात आले. ज्या खेळात अशी योजना नाही, तो खेळ कितीही देखणा असला तरी दांपत्याने टाळावा.

भूमिकांची वाटणी हा त्यानंतरचा विषय. या खेळांत तीन भूमिका रूढ आहेत: शत्रूचे घाव अंगावर झेलणारा टँक, जखमा भरून काढणारा हीलर आणि मारा करणारा डॅमेज डीलर. २०१३ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या 'फायनल फँटसी १४' च्या छोट्या मोहिमेत चार जण लागतात, एक टँक, एक हीलर आणि दोन मारा करणारे. दांपत्याने पहिल्या दोन भूमिका घेतल्या तर उरलेले दोघे अनोळखी असले तरी मोहिमेची सूत्रे दोघांच्या हाती राहतात. बायकोने शुश्रूषेचीच भूमिका घ्यावी असा संकेत खेळाडूंमध्ये नकळत पाळला जातो. तो मोडण्यासारखा आहे. घरात दिवसभर इतरांच्या जखमा भरणाऱ्या व्यक्तीला कल्पित जगात तरी ढाल घेऊन पुढे उभे राहण्याची मुभा असावी, आणि नवऱ्याने मागे राहून दुसऱ्याच्या प्राणांवर लक्ष ठेवण्याचा अनुभव घ्यावा. याच खेळात २०१४ पासून दोन पात्रांच्या विवाहसोहळ्याचीही सोय आहे. सोहळ्यानंतर दोघांना एका वाहनावर बसता येते आणि अंगठीच्या योगे एकाला दुसऱ्याजवळ तत्क्षणी पोहोचता येते. नोकरीसाठी एक अकोल्यात आणि दुसरा पुण्यात किंवा हैदराबादेत राहणाऱ्या दांपत्यांना या अंगठीचे मोल अधिक कळेल. २००२ च्या कोरियन 'रॅग्नारॉक ऑनलाइन' मध्ये तर विवाहित पात्रे आपले बळ एकमेकांना देऊ शकत.

काही निकष अगदी व्यावहारिक आहेत. खेळाचे जग ज्या संगणकावर वसते त्याला सर्व्हर म्हणतात, आणि खेळाडूची आज्ञा तेथवर जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेला पिंग म्हणतात. वर उल्लेखिलेल्या मोठ्या खेळांचे बहुतेक सर्व्हर युरोप, अमेरिका, जपान अशा दूरच्या ठिकाणी असल्याने भारतात पिंग मोठा राहतो. ज्या खेळाचा ताल संथ आहे त्यात हा विलंब जाणवत नाही. 'ओल्ड स्कूल रूनस्केप' चा एक ठोका ०.६ सेकंदांचा आणि 'फायनल फँटसी १४' मधील दोन मुख्य चालींमधले अंतर साधारण अडीच सेकंदांचे असते, म्हणून ते वऱ्हाडातूनही खेळता येतात. दोघांची म्हणजे दोन खाती आणि वर्गणीही दुप्पट, हेही ध्यानात घ्यावे; 'गिल्ड वॉर्स २' चा मूळ भाग २०१५ पासून विनामूल्य आहे आणि 'फायनल फँटसी १४' पहिल्या ७० पातळ्यांपर्यंत विनामूल्य खेळता येतो. ठरलेल्या रात्री मोठ्या जमावाने करायच्या मोहिमांना रेड म्हणतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' मध्ये आरंभी त्यांना ४० जण लागत. संसार असलेल्या दोघांनी त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे, कारण त्यात चंदल मंडलासारखी घरी जाण्याची मनाई असते, केवळ ती बादशहाऐवजी गटप्रमुखाची असते.

पैशाचा पण लावण्याचा प्रश्न कायद्याने अलीकडेच बराचसा निकालात काढला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ प्रतिबंधित केले आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळांना मान्यता दिली. भूमिका-खेळ या दुसऱ्या बाजूला पडतात. त्यांच्यातही पैसे भरून नशिबाची पेटी उघडण्याचा मोह असतोच; तो खर्च दोघांच्या संमतीखेरीज होऊ नये, ही हरिपाळाच्या पत्नीची मागणी आजही रास्त आहे.

एका बाबतीत कापडी पट या सर्व जगांहून श्रेष्ठ ठरतो. ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या कंपनीने सर्व्हर बंद केला की ते जग नाहीसे होते. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' डिसेंबर २०११ मध्ये आणि 'सिटी ऑफ हीरोज' नोव्हेंबर २०१२ मध्ये असे बंद झाले, आणि त्यांत वर्षानुवर्षे जोडीने उभे केलेले सारे त्या दिवशी संपले. म्हणून दहा वर्षे टिकलेला खेळ नव्याने गाजणाऱ्या खेळापेक्षा आधी निवडावा. सारीपाट कोणाच्या सर्व्हरवर अवलंबून नाही, पण तो वेगळ्या तऱ्हेने नाहीसा होत आहे. जुगाने जुग मारता येते का, कोणत्या फुलीवर सोंगटी निर्धोक असते, भिडूच्या सोंगट्या आधी घरी पोहोचल्या तर त्याचे दान कोणाला मिळते, हे नियम घराघरांत वेगळे असत आणि ते लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही. जुन्या शहरातील, बाळापुरातील, अमरावतीच्या अंबागेटच्या आतील ज्या घरांत आजी-आजोबांना ते अजून आठवतात, त्या घरांतील तरुण जोडप्यांनी येत्या पाडव्याच्या सकाळी त्यांना भिडू करून एक डाव मांडावा आणि त्यांच्या घरचे नियम त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावेत.